सायफन ड्रॉमधून फ्लॅटआयर्न: मैलांच्या आकड्यावर जाऊ नका

फेब्रुवारीत आठ दिवस अमेरिकेतल्या ॲरिझोनात, चँडलरला बहिणीकडे होतो. ग्रँड कॅन्यन आणि सेडोना छान झालं, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते तिथल्या सुपरस्टिशन डोंगररांगेतल्या फ्लॅटआयर्न या माथ्याबद्दल, कारण निघण्यापूर्वी मला अर्धवट माहिती मिळाली होती आणि माझ्यासोबत सतरा वर्षांचा भाचा होता.

बहिणीच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं, "येऊन-जाऊन सहा मैल. तीन-चार तासांत परत. लोक मुलांना घेऊन जातात." मुलांना घेऊन जातात ते खालच्या बेसिनपर्यंत. फ्लॅटआयर्नचा माथा त्याच्या खूप वर आहे. सहा मैल म्हणजे साडेनऊ किलोमीटर, सिंहगड-राजगड करणाऱ्याला त्यात काय, असं मलाही वाटलं. म्हणून सकाळी साडेनऊला, माणशी दोन लिटर पाणी घेऊन निघालो. दोन्ही चुकलं.

सुरुवात अपाची जंक्शनजवळच्या लॉस्ट डचमन स्टेट पार्कातून होते. पार्किंगपासून बेसिनपर्यंत पायवाट बांधलेली, राखलेली आहे. साधारण दोन मैल आणि हजारेक फूट चढ. सग्वारो निवडुंगांच्या मधून वाट जाते आणि पुढे सायफन ड्रॉ नावाच्या घळीत शिरते. बेसिन म्हणजे पाण्याने घासून गुळगुळीत केलेला कातळाचा मोठा खोलगट उतार. कोरडा असेल तर बूट छान धरतात. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर इथूनच परत फिरा.

आता खरा मुद्दा. बेसिनच्या वर पार्क वाट राखत नाही. पुढच्या जेमतेम मैलभरात सुमारे सतराशे फूट चढायचे आहेत, तेही घळीतल्या धोंड्यांवरून. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली असेल तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल: तसाच हात टेकत चढायचा उभा चढ, तसाच पायाखालून निसटणारा घसारा. उंची तिच्याहून कमी, पण सावली नाही आणि वाटेत भरवशाचं पाणी नाही. खडक आपल्या बेसाल्टसारखा नाही, ज्वालामुखीच्या राखेपासून घट्ट झालेला आहे. तो खरखरीत आणि बहुतेक पक्का आहे, पण सुटे धोंडे मुबलक. वर कोणी चढत असेल तर त्याच्या थेट खाली थांबू नका. काठ्या इथे अडचणच करतात, घडी घालून पाठीवर बांधा. हातमोजे मात्र हवेतच. माझ्याकडे नव्हते, दोन्ही तळवे सोलून निघाले.

माथ्याच्या थोडं खाली दहा-बारा फुटांचा उभा कातळटप्पा आहे. ज्याची लोक भीती घालतात तो हाच. खोबणी चांगल्या आहेत. सह्याद्रीत दोन-चार रॉकपॅच केलेल्या माणसाला दोराची गरज नाही. ज्याने कधीच केला नाही, त्याने इथे पहिला धडा घेऊ नये.

आम्हाला त्रास झाला तो उतरताना. घळीत लोकांच्या पायांनी दहा वाटा पडल्या आहेत आणि वरून बघताना सगळ्या सारख्याच दिसतात. आम्ही डावीकडच्या फाट्यात घुसलो. पाचेक मिनिटांनी भाचा थांबला आणि म्हणाला, "मामा, हे आपण चढलोच नव्हतो." पुढे वीसेक फुटांचा सरळ कडा होता. परत वर चढण्यात अर्धा तास आणि उरलेलं बहुतेक पाणी गेलं. मोबाइलवरच्या नकाशातला आपल्या जागेचा ठिपका त्या अरुंद घळीत इकडेतिकडे उड्या मारत होता, त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा आणि फोटो काढा. वर जाताना दोन मिनिटं जातील, खाली येताना तासभर वाचेल.

घळ डोंगराच्या पश्चिम अंगाला आहे. हिवाळ्यात सकाळी तिथे सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट आत येतं. उजाडताच निघालो असतो तर चढ सावलीत झाला असता. आम्ही सव्वाला माथ्यावर पोहोचलो आणि सगळं उतरणं उन्हात केलं. शेवटच्या मैलात भाच्याच्या पायात गोळे आले. माणशी चार लिटर पाणी घ्या, खारे शेंगदाणे किंवा मिठाचं काहीतरी घ्या. मे ते सप्टेंबर या वाटेचं नावही काढू नका, त्या भागात पारा ४३ अंशांच्या वर जातो.

आणखी एक: खिशात साधा कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा गोळा कपड्याला वा पोटरीला नुसता लागला तरी चिकटतो. बोटांनी काढायला गेलात तर बोटांत रुततो. कंगवा खाली घालून झटकायचा.

माथा? सपाट, इस्त्रीच्या टोकासारखा पुढे आलेला, उंची ४,८६१ फूट, आणि खाली फीनिक्सपर्यंत पसरलेलं सगळं खोरं. भाचा टोकाशी बसून वीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. इतका थकून गेलो तरी मी पुन्हा जाईन. तिथून वर आणखी एक उंच शिखर आहे, ते पाण्याअभावी सोडावं लागलं. त्यासाठी तासभर वेगळा धरा, आणि दुपारी बारापर्यंत फ्लॅटआयर्नवर पोहोचला नाहीत तर ते मनातून काढून टाका.