दुसरं नाव

मनोगत लिहून द्या, असं शाळेचं पत्र हातात पडलं आणि आधी बाई आठवल्या. मनोगतात सगळ्याच गुरुजनांचा उल्लेख व्हायला हवा, हे कळतं. पण मला बाईंबद्दलच लिहायचं आहे. आठवी 'ब'च्या मराठीच्या बाई म्हटलं की आमच्या पिढीतल्या कुणालाही वेगळं नाव सांगावं लागणार नाही.

मी तोतरा होतो. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी, म्हणून पोराची जीभ अडते, असं शेजारी म्हणायचे. ते खरं नव्हतं. मी तेलुगूतही तितकाच अडायचो. वडिलांची गिरणी बंद पडली होती. अम्मा दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. माझं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायला घरात कुणाला सवड नव्हती. हजेरीला 'हजर' म्हणता यायचं नाही, म्हणून मी नुसता हात वर करायचो. आधीच्या एका वर्गात त्यावरून छडी खाल्ली होती. बाईंनी पहिल्या दिवशी माझा हात पाहिला, खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

शाळा सुटल्यावर त्या मला मागच्या पायऱ्यांवर बसवायच्या. पुस्तक एक, वाचायचं दोघांनी एकदम. त्यांच्या आवाजाबरोबर माझा आवाज कुठंही न अडता जायचा. अडखळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं, सोबतीनं वाचताना किंवा गाताना जीभ मोकळी होते, हे मला फार पुढे कळलं. बाई हळूहळू आवाज बारीक करत न्यायच्या. मान वर केली तर त्या गप्प, नुसतं ओळीवरून बोट फिरवतायत! ते लक्षात आलं की मी अडायचो. मग पुन्हा दोघं. "सावकाश बोल" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. माझा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढून घेतला नाही.

आणि १९९९ चा हुतात्मा दिन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या सोलापूरच्या चौघांची नावं चार मुलांनी म्हणायची, प्रत्येकी एक. दुसरं नाव बाईंनी मला दिलं. कुर्बान हुसेन. 'क'वर मी हमखास अडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मल्लप्पा धनशेट्टी झालं. मी पुढे आलो. 'कु' निघेना. मैदान चिडीचूप. सिद्धेश्वरांच्या जत्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांचे, नंदीध्वजांचे दिवस होते, तरी त्या वेळी कुणी कुजबुजलंही नाही. व्यासपीठावरून एक सर हलक्या आवाजात नाव सांगू लागले, तर बाईंनी खालूनच हात वर करून त्यांना थांबवलं. तो हात मला दिसत होता. मनगटावर खडूची भुकटी, घड्याळाचा पट्टा सैल. तो हात तसाच वर राहिला. मग नाव आलं. पूर्ण आलं. पाठोपाठ जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा.

बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चारही तूच घे." घेतली.

आज मी आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवतो, दिवसाला पाच-सहा तास बोलतो. अजूनही अडतो, अडलो तर थांबतो. तोंडी परीक्षेला तारा जोडून दाखवणारी, पण 'प्रतिरोध' म्हणजे काय हे माहीत असून गप्प राहणारी मुलं दर वर्षी भेटतात. त्यांना घेऊन रविवारी बसतो. पुस्तक एक, वाचणारे दोघं.

यंदा १२ जानेवारीला शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे. मागच्या पायऱ्या गेल्या, याचं फार वाईट वाटलं. चौघांची नावं ध्वनिक्षेपकावर आधी रेकॉर्ड केलेली लावली, कुठंही न चुकता. मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. ती नावं पुन्हा मुलांकडून म्हणवून घ्या, आणि त्यातलं एक हजेरीला नुसता हात वर करणाऱ्या मुलाला द्या.