रॉनीचा आवाज

परवा रात्री ओटा आवरताना पुन्हा 'द वीव्हर्स' लावले, अमेरिकी लोकगीतं गाणारी ती चौकडी. १९५५च्या नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेली त्यांची मैफल. तीन पुरुषांच्या आवाजांवरून रॉनी गिल्बर्टचा आवाज असा उसळून येतो, की हातातलं पातेलं हातातच राहतं.

१९५०मध्ये यांचं 'गुडनाइट आयरीन' १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मग कम्युनिस्ट असल्याचा ठपका बसला, रेडिओ-टीव्हीची दारं बंद झाली, १९५२मध्ये चौघं पांगले. हे माहीत असलं की त्या मैफलीतल्या टाळ्या वेगळ्याच ऐकू येतात.

चौघांतले पीट सीगर १९५८मध्ये बाहेर पडले. मला मात्र त्यांच्यातलेच ली हेज आठवतात. मधुमेहाने दोन्ही पाय गेलेले, तरी १९८०मध्ये त्याच हॉलमध्ये, व्हीलचेअरवर बसून, खर्ज लावणारे.