केशराच्या गावात

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून केंब्रिजच्या गाडीने मी ऑडली एंडला उतरले आणि तिथून सॅफ्रन वॉल्डनपर्यंतचे सुमारे तीन किलोमीटर पायीच गेले. गावात येणारा रेल्वेचा फाटा १९६४ मध्येच बंद झाला आहे. शनिवार मुद्दाम निवडला होता, कारण इथला बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो.

हा बाजार मुळात शेजारच्या न्यूपोर्टचा. जेफ्री द मँडव्हिल या सरदाराने तो ११४१ च्या सुमारास आपल्या किल्ल्याजवळ, इथे हलवला. मध्ययुगात गावाला चिपिंग वॉल्डन म्हणत; ‘चिपिंग’ म्हणजे बाजार, तेव्हा नावाची घडण आपल्या चांदूर बाजारसारखीच. किल्ल्याच्या मात्र गारगोटीच्या पडक्या भिंतीच काय त्या उरल्या आहेत. सह्याद्रीतले गड पाहिलेल्याने फार अपेक्षा ठेवू नये.

‘सॅफ्रन’ नावात आले ते सोळाव्या-सतराव्या शतकांत इथे पिकणाऱ्या केशरामुळे. शरद ऋतूत जांभळी फुले येत, ती हाताने खुडून प्रत्येकातले तीन तंतू वेगळे करावे लागत. ग्रॅमभर केशरासाठी दीडशेच्या आसपास फुले लागतात, हे कळल्यावर श्रीखंडात चिमूटभर केशर सढळ हाताने टाकणारी मी जरा ओशाळले. रंगासाठी, औषधासाठी आणि स्वयंपाकासाठी त्याला मागणी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही शेती संपली आणि नाव तेवढे राहिले. गावाच्या बोधचिन्हात तटाच्या आत उमललेले केशराचे फूल आहे, आणि ती चक्क कोटी आहे: ‘भिंतीत कोंडलेले केशर’ हे शब्द इंग्रजीत उच्चारले की ते गावाच्या नावासारखेच ऐकू येतात.

तेच फूल मला सेंट मेरी चर्चमध्ये, दक्षिणेकडच्या भागात कमानीच्या कोपऱ्यात दगडात कोरलेले सापडले. मान दुखेपर्यंत वर पाहिल्यावर ते दिसले, हेही नोंदवायला हवे. १४५० ते १५२५ च्या दरम्यान या चर्चची जवळजवळ नव्याने उभारणी झाली. मनोऱ्यावरचे टोकदार शिखर मात्र १८३२ चे आहे; त्याच्यासह उंची १९३ फूट भरते. राजाविरुद्धचे यादवी युद्ध जिंकलेल्या पार्लमेंटच्या सैन्याने १६४७ मध्ये या गावात तळ दिला होता आणि थकलेल्या पगारासह इतर गाऱ्हाण्यांवर अधिकाऱ्यांची खडाजंगी याच चर्चमध्ये झाली. बाहेर चर्च स्ट्रीटवर जुन्या सन इनच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यातली उठावाची नक्षी आहे. तीत १६७६ हे साल आणि दंतकथेतल्या राक्षसाशी लढणारा वीर दिसतो.

१८३५ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयात मला एका हत्तीची चौकशी करायची होती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानातून आलेली अंबारी मांडायची, तर हत्ती हवाच. तेव्हा पेंढा भरलेला हत्ती इथूनच नेण्यात आला. आता तो संग्रहालयात नाही.

शेवटी गावाच्या माळावर हिरवळीत आखलेल्या चक्रव्यूहात शिरले. व्यूह लहानसा दिसतो, पण वळणावळणांची ती एकच वाट दीड किलोमीटरच्या आसपास भरते. मी मध्यावर पोहोचले तोवर बाजारातले विक्रेते तंबू उतरवू लागले होते.