असंच करतात

मंगळवार, रात्री साडेअकरा

"असंच करतात." दुपारी माझ्या तोंडून हे दोन शब्द गेले आणि तेव्हापासून ते माझा पिच्छा सोडत नाहीत.

कोणत्या वस्त्या दवाखान्यापासून लांब पडतात, तो नकाशा मी पडद्यावर लावला होता. विभागनिहाय सरासरी अंतर, त्याचे पाच वर्ग म्हणजे पाच टप्पे, फिक्यापासून (जवळ) गडदपर्यंत (लांब). ऑफिसातली माझी धाकटी सहकारी मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ताई, विभागांच्या हद्दी वेगळ्या आखल्या असत्या, तर याच वस्त्या गडद दिसल्या असत्या का?" थोडं थांबून पुढे, "आणि वर्ग पाचच का?" तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मान न वळवता म्हटलं, "असंच करतात." ती "बरं" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या "बरं"मध्ये ती तिथेच थांबली. मला आठवतंय, मीही एकदा अशीच थांबले होते. कुणाच्या उत्तरावर, ते आता लिहीत नाही.

घरी येऊन आधी तो प्रकल्प उघडला. विभागांच्या हद्दी बाजूला ठेवल्या आणि त्यावर पाचशे मीटरच्या चौकोनांची जाळी टाकली. घरं तीच, दवाखाने तेच, रस्ते तेच. तीन वस्त्यांचा रंग बदलला. पूर्वेकडचा मोठा विभाग नकाशावर निवांत फिका दिसत होता, कारण त्याची दाट वस्ती दवाखान्याला लागून आहे आणि सरासरी तिनेच खाली ओढली होती. त्याच विभागाच्या दुसऱ्या टोकाची विखुरलेली घरं त्या फिक्या रंगाखाली दिसेनाशी झाली होती. जाळी टाकल्यावर ती काळीकुट्ट होऊन वर आली. मी नऊ वर्षं हे नकाशे करतेय आणि हद्द बदलून बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

मग वाचत बसले. हद्द बदलली की उत्तर बदलतं, या भानगडीला नाव आहे, "मॉडिफायेबल एरियल युनिट प्रॉब्लेम", आणि ती जुनी आहे. 1934 मध्येच गेल्की आणि बील यांनी दाखवलं होतं की जनगणनेचे लहान विभाग एकत्र करत गेलं की सहसंबंध, म्हणजे दोन आकडे किती जोडीने बदलतात त्याचं माप, वाढत जातो. 1979 मध्ये ओपनशॉ आणि टेलर यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या 99 काउंटींचे (जिल्ह्यांसारखे भाग) आकडे घेतले: वयस्कर लोकांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाला पडणारी मतं. काउंटींचे गट वेगवेगळ्या तऱ्हेने पाडून त्यांनी त्याच आकड्यांतून ठळक ऋण सहसंबंधही (एक वाढलं की दुसरं घटतं) काढला आणि जवळजवळ पूर्ण धनही (दोन्ही एकत्र वाढतात). हे वाचताना पोटात खड्डा पडला. माझ्या किती नकाशांवर कुणी किती निर्णय घेतले असतील?

पाच वर्गांचं तर आणखी लागलं. वर्गांच्या सीमा कशा पाडायच्या, याच्या सॉफ्टवेअरमधल्या यादीतून मी नेहमी "जेंक्स" निवडते. जॉर्ज जेंक्स नावाचा नकाशाशास्त्रज्ञ होता, 1967 मध्ये त्याने ही पद्धत मांडली, हे मला आज कळलं. एका वर्गातले आकडे एकमेकांच्या शक्य तितके जवळ राहावेत अशा रीतीने ती सीमा शोधते. म्हणजे आकडे बदलले की सीमाही बदलतात. म्हणजे दोन वेगवेगळ्या वर्षांचे जेंक्सचे नकाशे शेजारी ठेवून रंगांची तुलना करता येत नाही. मी केली आहे. अहवालात, मोठ्या अक्षरात, "सुधारणा" असं शीर्षक देऊन.

प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची रीत, मी चटका बसून शिकले. वेब मर्केटर या प्रोजेक्शनमध्ये ठेवलेल्या नकाशाच्या थरावर क्षेत्रफळ काढलं होतं आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा फुगलेला आला. विषुववृत्तावर ते जवळपास बरोबर येतं, 60 अंशांवर चौपट होतं. तेव्हा बोलणी खाल्ली, पण पुन्हा कधी ती चूक केली नाही. वर्गांच्या बाबतीत असं काहीच झालं नाही. लाल अक्षरांत काही आलं नाही, कुणी ओरडलं नाही, नकाशा सुंदर दिसला.

आणि म्हणून परत तोच प्रश्न. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या माझ्या या विषयात, पदव्युत्तर पदवी करायची का नाही.

नऊ वर्षं. किती पॉलिगॉन (बंद आकृत्या) काढले असतील मी, उपग्रहाच्या चित्रावर छपरामागून छप्पर. डोळे गेले, मान गेली आणि अजून मला पाच वर्ग का घेतात ते सांगता येत नाही. माझ्यानंतर आलेले पुढे गेले. एका मुलाखतीत समोरच्यांनी पदवीची ओळ वाचली आणि पान उलटलं. दादा म्हणतो, सोड आता. सोडायला काय, सोडता येईलही. पण रात्री असं वाटतं की मला कुणी शिकवलंच नाही, नुसतं वापरलं.

(हे वरचं पुसणार होते. राहू दे.)

पुसलं नाही तरी ते पूर्ण खरंही नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर 2002 पासून फुकट आहे. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचं सगळं जुनं भांडार 2008 मध्ये खुलं झालं, सेंटिनेल-2 उपग्रहांची दहा मीटरची चित्रं कुणीही उतरवून घेऊ शकतं. पोस्टजीआयएस, जीडॅल, पायथन अशी नकाशांच्या माहितीवर काम करायची साधनं, सगळं मी घरी बसून शिकले. साधन शिकायला पदवी लागत नाही हे मीच सगळ्यांना सांगत आले, आणि ते आजही खरं आहे. म्हणूनच त्या अभ्यासक्रमांच्या याद्या बघून हात मागे येतो. अर्ध्या विषयांत मला येतं तेच आहे: डिजिटायझिंग (चित्रावरून आकृत्या काढणं), बफर (ठरावीक अंतराचा पट्टा), ओव्हरले (थरावर थर ठेवणं), नकाशाची मांडणी. जिथे प्रात्यक्षिक म्हणजे एकाच सॉफ्टवेअरचे मेनू आहेत, तिथे दोन वर्षं घालवायची माझी तयारी नाही. पण अवकाशीय सांख्यिकी, भूगणित (पृथ्वीच्या आकाराचं मोजमाप), दूरसंवेदनाचं (उपग्रहाने टिपलेल्या चित्रांचं) भौतिकशास्त्र आणि शेवटचा प्रबंध या ओळींवर नजर थांबते. हे पुस्तकातूनही शिकता येईल. नऊ वर्षांत शिकले नाही, कारण मला "का" असं विचारणारं कुणी नव्हतं. आज दुपारी कुणीतरी विचारलं आणि मी तिला गप्प केलं.

ऑफिसातल्या सरांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, जीआयएसमध्ये पदवी घेऊ नकोस, विषयात घे. पाणी, आरोग्य, नगररचना. जॉन स्नोचं उदाहरण त्यांच्या तोंडी ठरलेलं. 1854 चा लंडनचा कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटचा पंप. मी स्वतः नव्या मुलांना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते आणि नकाशाने पंप शोधला असं सांगते. तेही बरोबर नाही. स्नो डॉक्टर होता, कॉलरा पाण्यातून पसरतो हा त्याचा संशय आधीपासूनचा. तो घरोघर विचारत फिरला, आणि पंप बंद करायला त्याचा दांडा काढल्यानंतर कित्येक आठवड्यांनी त्याचा नकाशा लोकांसमोर आला. पंपाजवळच्या ब्रुअरीतले कामगार वाचले कारण ते बिअर पीत होते. लांब हॅम्पस्टेडमधली एक बाई दगावली कारण ती त्याच पंपाचं पाणी मागवून घ्यायची. अंतराचा बफर काढून यातलं काहीही कळलं नसतं.

सरांचं पटतं. पूर्ण नाही. मला आरोग्यात जायचं नाहीये. हद्दी हलल्या की उत्तर का हलतं, हेच मला समजून घ्यायचं आहे, आणि हा प्रश्न माझ्याच विषयातला आहे.

अर्ज गेल्या महिन्यापासून अर्धवट पडून आहे. "हा अभ्यासक्रम आपणास का करावयाचा आहे?" या चौकटीत मी करिअर, संधी, कौशल्यवृद्धी असं काहीबाही लिहून ठेवलं होतं. ते सगळं खोडून तिचा प्रश्न लिहिला, तिच्याच शब्दांत. खाली तीन वस्त्यांबद्दल चार ओळी. मुदत संपायला अजून अकरा दिवस आहेत. पाठवीन की नाही ते आज ठरवत नाही, पण पहिल्यांदाच तो कागद माझा वाटतोय.

मन बरंच शांत झालंय. बारा वाजून गेले.

उद्या आधी तिच्या टेबलाशी जायचं, दोन्ही नकाशे घेऊन. मग सरांना सांगायचं. अहवाल शुक्रवारी जायचा आहे आणि त्या टोकाच्या घरांचं त्यात नावही नाही.