किती देवळं पाडली? तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्यातल्या जुन्या देवस्थानांच्या जागा मी शोधते हे कळलं, की व्याख्यान असो नाहीतर लग्नाचा मांडव, प्रश्न ठरलेला असतो: पोर्तुगीजांनी एकूण किती देवळं पाडली? दक्षिण गोव्यातल्या एकट्या साष्टी तालुक्यात 1567 साली शेकड्यांनी पाडली. हे सांगितलं, की बोलणं तिथेच संपतं. मला तर त्याच्या पुढचंच सांगायचं असतं.

साष्टीतलं कुंकळ्ळी गाव तुम्हाला ठाऊक असेल. 1583 साली तिथे गावकऱ्यांच्या हातून पाच जेझुइट धर्मप्रसारक मारले गेले, मग बोलणी करायला म्हणून पोर्तुगीजांनी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावकारांची, म्हणजे गावच्या मानकऱ्यांची, कत्तल केली, गावची देवी शांतादुर्गा फातर्पे गावाला गेली. पुढे गावात चर्च उभं राहिलं.

त्याच भागात एका ख्रिस्ती घराच्या परसात, विहिरीपाशी, मला एक दगड दिसला. कडेला कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, मधला भाग धुणं आपटून आपटून गुळगुळीत झालेला. मी मोजायची टेप लावली, फोटो काढले. घरची आजी तिथेच कपडे पिळत होती. मी विचारलं, "तुमच्या लोकांनी हे सगळं सोडलं कधी?"

तिचे हात थांबले. "सोडलें? आमी हांगाच आसात." आम्ही इथेच आहोत. पिळा तसाच बादलीत टाकून ती आत निघून गेली. मागचं दार लावून घेतलं. मी वहीत लिहिलं: देवस्थान नष्ट, दगड धुण्यासाठी वापरात, परंपरा खंडित.

पुढच्या फाल्गुनात कुंकळ्ळीला देवीच्या छत्र्यांच्या उत्सवाला गेले. बारा वांगडांच्या, म्हणजे गावकारांच्या कुळांच्या, बारा छत्र्या, गुलालाने लाल झालेला रस्ता, देवी फातर्प्याच्या वाटेला लागलेली. त्या गर्दीत आजीचा मुलगा होता. आजी कडेला उभी होती, गळ्यात क्रूस, हात जोडलेले. 'खंडित' कुठल्या तोंडाने लिहिलं होतं मी? पाडणाऱ्यांच्या कागदांत जे संपलं होतं, ते मीही संपवून टाकलं होतं.

यावर लगेच ऐकवलं जातं, की मी जुलमावर पांघरूण घालते. नाही घालत. पण 'टिकून राहिले' म्हणताना मलाही धास्ती वाटते. किल्ल्यात मारल्या गेलेल्यांच्या घरी मागे काय झालं, त्याचा एक दगडही माझ्याकडे नाही. धर्म बदलला तो भीतीने, जमिनीपायी की मनापासून, हे दगडावरून मला कळत नाही. जो पुरावा मला हवा तोच मला दिसतो की काय, अशीही शंका येते.

वहीतला तो शेरा मी खोडलेला नाही. शेजारी आजीचं वाक्य लिहिलंय. आजी आता नाही. त्या दारावर पुन्हा थाप मारायचं माझं राहूनच गेलं.