तुम्ही विचारलंत म्हणून: आडगावांतला पेरूजिनो

इटलीहून परतले की कोणी ना कोणी विचारतेच, “फ्लोरेन्स आणि रोमची संग्रहालये सोडून तुम्ही त्या आडगावांतल्या चर्चमध्ये काय पाहत बसता?” आजवर मी “शांतता असते हो तिथे” असे म्हणून वेळ मारून नेत आले. खरे उत्तर थोडे विचित्र आहे. मी तिथे एका मोठ्या चित्रकाराची उतरती कळा पाहायला जाते.

पिएत्रो वान्नुची, म्हणजेच पेरूजिनो, मध्य इटलीच्या उम्ब्रिया प्रांतातल्या चित्ता देल्ला पिएवे या लाल विटांच्या गावात जन्मला. 1481-82 मध्ये त्याने रोमच्या सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर चित्रे काढली आणि पुढे राफाएलही त्याच्या हाताखाली घडला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्याएवढी मागणी असलेले चित्रकार इटलीत थोडेच होते. संग्रहालयांत त्याची भेट होते ती याच भरभराटीच्या काळात, कारण संग्रहालये निवडून घेतात. लहान गावाच्या भिंतीला असा निवडीचा अधिकार नसतो. तिच्यावर जे काढले गेले ते तिने सांभाळायचे.

यामागे गिलाव्याचेही कारण आहे. अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. इटालियन फ्रेस्कोत मात्र चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग द्यावा लागतो, आणि चुना घट्ट होताना रंग त्याच्यातच बांधला जातो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा चित्रकार लावून घेत असे. 1797 मध्ये फ्रेंच फौजांनी पेरूजा शहरातून पेरूजिनोची फळ्यांवरची चित्रे उचलून नेली. भिंतीवरची चित्रे उचलणे एवढे सोपे नव्हते.

चित्ता देल्ला पिएवेच्या सांता मारिया देई बियांकी या प्रार्थनागृहात 1504 सालचे ‘राजांचे वंदन’ आहे, म्हणजे बाळ येशूला नमन करायला आलेले राजे. हे चित्र जवळजवळ अख्खी भिंत व्यापते आणि मागे निळसर होत गेलेली दरी दिसते. माझा जीव मात्र चित्रापेक्षा त्याच्या व्यवहारात अधिक अडकला. चित्र करून घेणाऱ्या स्थानिक धार्मिक मंडळाला पेरूजिनोने लिहिलेली पत्रे 1835 मध्ये सापडली. कामाचे किमान 200 फ्लोरिन (तेव्हाची सोन्याची नाणी) व्हायला हवेत, पण गाववाला म्हणून आपण 100 वर समाधान मानू आणि तेही हप्त्यांनी घेऊ, असे तो लिहितो. पुढच्या पत्रात आणखी 25 सोडतो आणि आपल्याला न्यायला खेचर पाठवा असेही सांगतो. सिस्टिन चॅपेल रंगवलेला माणूस 75 फ्लोरिनांवर आला! घासाघीस आपल्याकडच्या मंडईपुरती नाही, हे पाहून मला तरी बरे वाटले.

पुढच्याच वर्षी, 1505 मध्ये, त्याने त्राजिमेनो सरोवराच्या काठावरल्या डोंगरातील पानिकाले गावी संत सेबास्टियनचे हौतात्म्य रंगवले. बाण सोडणारे तिरंदाज इतक्या नजाकतीने उभे आहेत की ते नाचायला आले असावेत असा भास होतो. हिंसेचे चित्र म्हणून हे फसलेले आहे, आणि तरीही मला ते फार आवडते.

दरम्यान फ्लोरेन्सचा त्याच्यावरचा लोभ आटत होता. तिथल्या अन्नुन्त्सियाता चर्चच्या वेदीसाठी त्याने केलेल्या चित्रांत जुन्याच आकृती पुन्हा वापरल्याबद्दल त्याची टर उडवली गेली, असे इटालियन चित्रकारांची चरित्रे लिहिणारा वासारी सांगतो. आरोप खोटा नव्हता; तयार खाके पुन्हा पुन्हा वापरण्याची त्याची पद्धतच होती. लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो पाहिलेल्या शहराला आता ते गोड चेहरे पुरत नव्हते. उम्ब्रियाच्या गावांना मात्र ते पुरत होते.

उम्ब्रियातल्याच स्पेल्लो गावच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये ही घसरण एकाच छपराखाली दिसते. तिथल्या बाल्योनी चॅपेलमध्ये पिंतुरिक्कियोने, जो सिस्टिनच्या कामात पेरूजिनोचा मदतनीस होता, 1501 च्या सुमारास तीन भिंती अशा रंगवल्या की डोळ्यांना उसंत मिळत नाही. त्यातल्या एका भिंतीवर त्याने पुस्तकांच्या फळीखाली टांगलेल्या तसबिरीच्या रूपाने स्वतःचा चेहराही ठेवून दिला आहे. त्याच चर्चच्या वेदीच्या दोन्ही बाजूंना 1521 सालची पेरूजिनोची चित्रे आहेत. सत्तरीतल्या हाताची ती कामे थकलेली आहेत, ठरावीक साच्यातली आहेत. बहुतेक पर्यटक तिकडे वळतही नाहीत. मी मात्र परत परत तिथेच जाऊन उभी राहते, कारण कौशल्य ओसरल्यावरही न सुटलेली कामाची सवय मला दुसरीकडे कुठे इतक्या जवळून पाहायला मिळालेली नाही.

शेवटचा मुक्काम फोन्तिन्यानो. 1523 मध्ये या खेड्यात काम करत असतानाच पेरूजिनो प्लेगने गेला. तिथल्या लहानशा चर्चमध्ये त्याची समाधी आहे आणि भिंतीवर त्याने काढलेली मेरी आणि बाळ. त्याच्या अखेरच्या कामांपैकी येशूजन्माचे भित्तिचित्र मात्र भिंतीपासून सोडवून नेले गेले, आणि आता ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हा माझ्या उत्तरातला हा शेवटचा तुकडा पाहायला मलाही संग्रहालयाचीच पायरी चढावी लागेल. अजून मी ती चढलेली नाही.