डिस्क दिसली नाही म्हणून वाचली

काम सांगायला साधं होतं, विंडोज १० काढून ११ टाकायचं. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आम्हा लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडे ही कामं येतच असतात. पण या लॅपटॉपचं तसं नव्हतं, तो चालूच होत नव्हता. अपडेटमधून बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून निळी स्क्रीन, बिटलॉकरची रिकव्हरी की टाका म्हणून. बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, त्यात डेटा एनक्रिप्ट होतो, की शिवाय वाचता येत नाही. ज्या मॅडमचा लॅपटॉप त्यांनी बिटलॉकर हा शब्दच आयुष्यात पहिल्यांदा वाचला होता. आमच्याआधी त्यांनी दुसरीकडे दाखवला, तिथल्या माणसाने विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलरच्या यादीत डिस्कच आली नाही, तर त्याने सांगून टाकलं की तुमची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, गेली, नवीन घ्या.

एसएसडी ठणठणीत होती. इंटेलच्या ११ व्या जनरेशनच्या प्रोसेसरपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसला व्हीएमडी नावाचं सेटिंग ऑन असतं, डिस्क त्या कंट्रोलरच्या मागे असते, आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो ओळखायचं छोटं सॉफ्टवेअर, नसला की यादी रिकामी दिसते. इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकायचा, 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवायचा, डिस्क लगेच हजर. आमच्या लाइनमधल्या माणसाला २०२१ सालापासूनच्या मशीनबद्दल एवढं माहीत नसावं याचा मला मनापासून राग येतो, कारण असं न बघताच 'डिस्क गेली' म्हटल्यावर लोक चांगल्या डिस्का फेकून देतात. काही जण बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करतात, मग डिस्क दिसते पण आतलं जुनं विंडोज बूट व्हायचं बंद होतं, तेही चूकच.

आमच्या सहकाऱ्याने हे पाच मिनिटांत ओळखलं, ड्रायव्हर लोड केला, सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, समोर आली. मॅडमना विचारलं, डेटा काय आहे? त्या म्हणाल्या काही नाही, सगळं वनड्राइव्हला, मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात आहे, उडवा. आमच्याकडे फॉर्म असतो, डेटा गेल्यास जबाबदारी ग्राहकाची, त्यावर त्यांनी सहीसुद्धा केली. सहकाऱ्याने माउस 'डिलीट'वर नेला होता आणि मी त्याला थांब म्हटलं.

का थांबवलं ते सांगतो. साध्या डिस्कचं पार्टिशन चुकून उडालं तर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून काहीतरी हाताला लागण्याची आशा असते. एनक्रिप्टेड डिस्कला ती नाही. बिटलॉकरची खरी किल्ली त्याच पार्टिशनवर मेटाडेटामध्ये, म्हणजे त्याच्याबद्दलच्या नोंदीत, बंद करून ठेवलेली असते, पार्टिशन उडवून वर नवीन विंडोज बसलं की तीही जाते, त्यात एसएसडीला पुसलेली जागा मोकळी करायला सांगणारी ट्रिम कमांड गेली की जुने ब्लॉक रिकामेच समजायचे. नंतर ४८ अंकी रिकव्हरी की सापडली तरी तिने उघडायला काही उरत नाही. आणि लोकांना घाबरवणारी गोष्ट ही की डिलीट करायला की लागतच नाही, इन्स्टॉलर कुलूप बघत नाही, सरळ पुसतो.

मग मी मॅडमना एकच विचारलं, तुम्ही काम कशात करता? त्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब लिहितात. त्याचं सॉफ्टवेअर कुठे सेव्ह करतं? ते सॉफ्टवेअरच बघतं म्हणाल्या. इथेच सगळं अडलं होतं. वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वर जातात, सी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर करून बसलेलं सॉफ्टवेअर त्यात नसतं. त्यांनी मोबाइलवर वनड्राइव्ह उघडून बघितलं, पत्रं होती, फोटो होते, बिलांच्या पीडीएफ होत्या, हिशोबाची एकही फाइल नव्हती. बॅकअप घेते की दर शनिवारी, असं त्या म्हणत राहिल्या. घेत होत्या, पण त्याच सी ड्राइव्हवर. तो चेहरा मला अजून दिसतो, कारण ती खाती त्यांची नव्हती, दुसऱ्यांची होती.

आता की शोधायची. त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला एकही की नव्हती. सहकारी म्हणाला बघ, वेळ वाया. पण विंडोजचं डिव्हाइस एनक्रिप्शन, म्हणजे आपोआप लागणारं बिटलॉकर, असं आहे की नवीन लॅपटॉपला जो पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करतो त्याच्या अकाउंटला की जाते. म्हणून मी विचारलं, घेतला तेव्हा सेटअप कोणी केला होता? भाच्याने. त्याला फोन लावला, तो म्हणतो, "मावशी, मी माझं अकाउंट तेव्हाच काढून टाकलं होतं, तुला वेगळा युजर करून दिला होता ना." हो, युजर काढला, पण डिस्कचं कुलूप तसंच राहिलं आणि किल्ली त्याच्याकडे. घराघरात हौसेने लॅपटॉप सेटअप करून देणारे भाचे, पुतणे, मित्र असतात, ते पटकन स्वतःच्या आयडीने पुढे जातात आणि मालकाच्या डिस्कची किल्ली खिशात घेऊन जातात, त्यांनाही माहीत नसतं. चूक कुणाची म्हणायची?

त्याला अकाउंटच्या पानावर रिकव्हरी की बघायला सांगितली. तिथे दोन मशीनच्या की होत्या, स्क्रीनवरच्या की आयडीचे पहिले आठ अक्षर-अंक जुळवले, एक जुळली. फोनवर ४८ आकडे घ्यायचं काम लोकांना किचकट वाटतं पण त्याची रचना मला फार आवडते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे एक आकडा चुकीचा ऐकला तर तो गट तिथेच पकडता येतो, शेवटपर्यंत जाऊन परत सुरुवात करायची गरज नाही. चौथ्या गटाला भाग जाईना, परत विचारला, त्याने सहाच्या जागी नऊ वाचलं होतं. एंटर दाबलं आणि जुनं विंडोज जसंच्या तसं उघडलं. हिशोबाचा फोल्डर सी ड्राइव्हवर होता, शेजारीच शनिवारचे बॅकअप ओळीने.

पुढचं काम नेहमीचं. सगळी डिस्क बाहेरच्या डिस्कवर उतरवली, हिशोबाचा फोल्डर वेगळ्या डिस्कवरही घेतला, आणि नुसती कॉपी झाली म्हणून न थांबता तो दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरमध्ये उघडून मॅडमना शेवटची नोंद दाखवली. मगच त्या हो म्हणाल्या, मगच पुसलं. ११ च्या सेटअपला वायफायचा ड्रायव्हर नव्हता त्यामुळे नेटवर्कच्या पानावर अडकलं, मोबाइल यूएसबीने जोडून नेट दिलं, आणि या वेळी लॉगिन मॅडमच्याच अकाउंटने.

मला सोडत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. आधीच्या माणसाकडे ड्रायव्हर असता तर त्याच दिवशी सगळं उडालं असतं. त्याला कमी येत होतं म्हणून डेटा वाचला, आणि आमच्याकडे जास्त येत होतं म्हणून तो जाता जाता राहिला. सहकारी कामात माझ्यापेक्षा चपळ आहे, हे मी कुणालाही सांगेन, पण त्याचं म्हणणं आजही हेच की ग्राहक उडव म्हणाला, सही केली, विषय संपला. मला ते पटत नाही. ती सही आम्हाला वाचवते, त्या बाईच्या ग्राहकांची खाती नाही. डिस्कवर काय आहे हे मालकाला माहीत असतं असं आपण धरून चालतो, पण कुठलं सॉफ्टवेअर कुठे लिहितं हे त्याला कोण सांगतं? ते आपल्याला माहीत असतं, मग विचारायचंही आपणच. डेटा आहे का, हा प्रश्न मी विचारायचा सोडलाय, रोज काय उघडता ते विचारतो, आणि एकेक नाव घेऊन त्याचा फोल्डर शोधतो. वेळ जातो, रांग लागते, त्यावरून आमच्यात अजून वाद होतात.

मॅडम लॅपटॉप न्यायला आल्या तेव्हा भाच्याने पाठवलेली जुनी की प्रिंट करून घेऊन आल्या होत्या, जपून ठेवू का म्हणून. ती आता या डिस्कला चालणार नाही, नव्या इन्स्टॉलला नवी की असते, असं सांगून त्यांच्याच अकाउंटमधून नवी काढून दिली. आणि बॅकअपचा फोल्डर सी वरून वनड्राइव्हमध्ये हलवून, त्यांच्यासमोर एकदा बॅकअप घेऊन, तो मोबाइलवर दिसतोय ना ते त्यांना स्वतःलाच बघायला लावलं.